ठसेवाल्याचा दुसरा कागद

४ फेब्रुवारी

धाकट्या,

एकोणीस वर्षांनी लिहिते आहे, तेव्हा आधी अभिनंदन उरकून घेते. वर्तमानपत्रात तुझा अर्ध्या पानाचा फोटो आलाय. केस पिकलेत, चष्मा भारीतला आहे, आणि हात असा पुढे केला आहेस की जणू सगळी इंग्रजी मुळाक्षरं तूच घडवलीस. शेजारच्या शिंपिणीने कात्रण आणून दिलं. म्हणाली, "या साहेबांचं नाक अगदी तुमच्यासारखं आहे हो." मी म्हटलं, "आहे खरं. कापलं जाईल तेव्हा वेगळं दिसेल." तिला वाटलं मी थट्टा करतेय.

तर वीस मार्चला तुझ्या दालनाचं उद्घाटन. 'अक्षरांचा प्रवास'. मुलाखत मी दोनदा वाचली. A म्हणजे बैलाचं डोकं, कलंडत कलंडत शिंगं खाली गेली. B म्हणजे घर, M म्हणजे पाण्याच्या लाटा, O म्हणजे डोळा. इजिप्तच्या चित्रांवरून कुणी मजुरांनी ही चिन्हं उचलली, फिनिशियन व्यापाऱ्यांनी ती गावोगाव नेली, ग्रीकांनी त्यांत स्वर घातले आणि रोमनांनी ती कोरून पक्की केली. छान सांगितलं आहेस. पहिल्यांदा सांगितलंस तेव्हा तू सतरा वर्षांचा होतास. मी मोरीत बाबांचे ब्रश धूत होते आणि तू उंबऱ्यावर बसून ओल्या बोटाने फरशीवर बैल काढत होतास. मी विचारलं, "आणि E कशाचा?" तू उठून उभा राहिलास, दोन्ही हात वर केलेस आणि ओरडलास, "हा असा ओरडणारा माणूस!" आई घाबरून बाहेर आली. मला तेव्हा तुझा इतका अभिमान वाटला होता की आज ते आठवलं तरी माझाच राग येतो.

मग मुलाखतीत तुझा दगड आला. टेकडीवरच्या कुंपणात सापडलेला, त्याच व्यापाऱ्यांच्या जुन्या लिपीतला, दोन ओळींचा. त्या काळी सगळे उजवीकडून डावीकडे लिहायचे, पण या दगडावर अक्षरं डावीकडून उजवीकडे जातात, म्हणजे आजचं इंग्रजी ज्या दिशेने लिहितात ती दिशा सगळ्यांच्या समजुतीपेक्षा दोनशे वर्षं आधी इथे सुरू झाली. त्यावर तुझी पदवी, तुझं पुस्तक, तुझी खुर्ची आणि आता हे दालन.

आणि शेवटी एक ओळ. 'दुर्दैवाने ठसेवाल्याच्या हलगर्जीपणामुळे मूळ दगड नष्ट झाला.'

ठसेवाला. एवढ्या मोठ्या मुलाखतीत तुला 'वडील' हा शब्द सापडला नाही.

मी आता बाबांच्याच घरी राहते आणि एका कारखान्यात प्लास्टर ओतते. छताच्या नक्ष्या, खांबांची फुलं, कधीमधी एखादं सरकारी काम. बाबांनी शिकवलेल्या हातावरच पोट चाललंय. आणि बाबांची एक सवय तू विसरला असशील म्हणून आठवण करून देते. ते कुठल्याही कोरीव दगडाचे कागदावर दोन ठसे घ्यायचे. एक संग्रहालयाच्या कचेरीसाठी, एक घरासाठी. "कचेरीत उंदीर असतात," म्हणायचे.

त्या दगडाचा दुसरा कागद माझ्याकडे आहे.

तुझी ताई


१७ फेब्रुवारी

धाकट्या,

तुझं उत्तर मिळालं. संग्रहालयाच्या छापील कागदावर, जावक क्रमांकासकट. 'आपल्या ताब्यात असलेला ठसा ही संस्थेची मालमत्ता असून तो आठ दिवसांत जमा करावा.' बहिणीला जावक क्रमांक लावणारा तू पहिलाच असशील. पण सहीवर शाई पसरलीय रे. लहानपणी खोटं बोलताना तुझ्या नाकावर घाम यायचा, आता तो सहीवर आलेला दिसतोय.

कागद देणार नाही. त्यावर काय आहे ते मात्र सांगते, कारण तू ठसा कधी हातात धरलाच नाहीस.

ओला जाड कागद दगडावर पसरायचा आणि दाट केसांच्या ब्रशने ठोकत राहायचा, म्हणजे तो खाचांत जाऊन बसतो. वाळला की अलगद सोडवायचा. दगडाकडच्या बाजूला अक्षरं फुगून वर येतात, पण उलटी, आरशात दिसावीत तशी. बाहेरच्या बाजूला ती खोल दिसतात आणि सुलटी असतात. बाजूंचा घोळ होऊ नये म्हणून बाबा कागद दगडावर असतानाच वरचा उजवा कोपरा कात्रीने उडवायचे. कापलेला कोपरा उजवीकडे दिसला तर कागद सुलटा, डावीकडे दिसला तर पालथा. त्यांना ती लिपी वाचता यायची नाही, पण कुठली बाजू कुठली हे झोपेत विचारलं असतं तरी सांगितलं असतं.

तू फोटोवरून वाचलंस. कचेरीतल्या कुणीतरी पालथ्या बाजूचा फोटो काढून तुला विद्यापीठात पाठवला, आणि उजेड असा पडला होता की फुगलेली अक्षरं खोल वाटावीत. दुसऱ्या कुठल्या काळातला दगड असता तर पहिल्या ओळीलाच कळलं असतं. पण त्या काळची अक्षरं ओळ जिकडे जाईल तिकडे तोंड फिरवतात, हे तुझ्या पुस्तकांनीच तुला शिकवलेलं. त्यामुळे पालथा कागद तुला चूक वाटलाच नाही, शोध वाटला.

तुझा लेख छापून आला तेव्हा बाबांनी त्यातलं चित्र पाहिलं. चष्मा काढला, पुसला, परत घातला. म्हणाले, "पोराने कागद पालथा वाचला गं." मी म्हटलं, लगेच कळवू. तर म्हणे, "पत्रात नको. कुणाच्या हाती लागलं तर त्याची शोभा होईल. तो घरी येईल तेव्हा मी कानात सांगेन."

तू आला नाहीस. मग त्या म्हाताऱ्या बाईंनी, हो, जुन्या लिप्यांत ज्यांचा शब्द शेवटचा मानतात त्याच बाईंनी, दगड बघायला मागितला, आणि त्या पोचायच्या आधी तो हलवायची तुला घाई झाली. पहार घालून दगड कुंपणातून उपसायला कुणी सांगितलं होतं? मी होते तिथे. मजुरांच्या गर्दीत बाबांना तुझ्या कानाशी येता आलं नाही. बाबा ओरडत होते, "अरे, भुसभुशीत आहे तो, हातांनी काढा!" तू पहार खाली दाबलीस आणि दगडाचा चुरा झाला. चौकशीत तू सांगितलंस की ठसेवाल्याने ब्रश जोरात मारल्यामुळे आधीच तडे गेले होते. E मधल्या माणसासारखे तूही त्या दिवशी हात वर केलेस, फक्त ओरडला नाहीस.

बाबा चौकशीत काही बोलले नाहीत. तीस वर्षांच्या नोकरीतून त्यांना 'निष्काळजीपणा' असं लिहून काढलं. ब्रश त्यांनी खुंटीला लावला तो पुन्हा काढला नाही. पुढची सहा वर्षं दारात पाऊल वाजलं की मान वर करायचे. चौकशी संपली त्या रात्रीच त्यांनी मला शपथ घातली होती, "मी जिवंत असेपर्यंत त्याला काही बोलू नकोस."

ते गेले, शपथ संपली. आणि तरी मी तेरा वर्षं थांबले. का ते विचार. तू आणखी उंच चढावास म्हणून.

ताई


३ मार्च

धाकट्या,

स्वतः यायची हिंमत नव्हती म्हणून बायकोला पाठवलंस. वहिनी चांगली आहे. तुझ्या वाट्याला कशी आली कोण जाणे.

आमच्या गल्लीत वारा फार, दार धाडकन लागतं, म्हणून तिथे एक दगड लावलेला असतो. वहिनी येताना त्यालाच ठेचकाळली. अंगठा चोळत म्हणाली, "वन्सं, हा धोंडा कशाला ठेवलाय मध्येच?" मी म्हटलं, "बाबांचा आहे, असू दे." तिने तो पायाने सरकवला आणि खुर्चीवर बसली. चहा दिला, तो घेतला. दोन वाक्यं कशीबशी बोलली आणि रडायला लागली.

"त्यांना झोप नाही. जेवत नाहीत. भाषण लिहितात आणि फाडतात."

"फाडायची सवय त्याला चांगली आहे," मी म्हटलं. "कचेरीतल्या ठशाच्या चारी कडा कुणी कापल्या, विचार त्याला. चौकटीत बसत नव्हता म्हणे. कडांबरोबर बाबांचा कोपराही गेला. आणि मग पाठीला पुठ्ठा चिकटवला, म्हणजे कुणी उलटून बघायला नको."

तिने कप खाली ठेवला. मग हळूच म्हणाली, "म्हणजे त्यांना माहीत होतं?"

धाकट्या, मी तिच्या तोंडाकडे बघत होते. मला वाटलं होतं की तिला हे ठाऊक असेल. तू बायकोलाही सांगितलं नव्हतंस. मी म्हटलं, "ज्या दिवशी कात्री चालवली त्या दिवशी नक्की माहीत होतं."

तिने डोळे पुसले. "वन्सं, एक विचारू? तुम्हाला सासऱ्यांचं नाव परत हवंय, की यांची फजिती?"

"दोन्ही," मी म्हटलं. "आणि एकच मिळणार असेल तर आधी फजिती. नाव मी घरात सांभाळलंय."

हे बोलल्यावर मला बरं वाटायला हवं होतं. ती उठली, दाराशी वाकली आणि दगड पुन्हा जागेवर नीट लावून गेली. तुला सांगते, त्या एका गोष्टीमुळे मला दिवसभर काही सुचलं नाही. पण विचार बदललेला नाही. ती बाई चांगली आहे म्हणून तू सुटत नाहीस.

ताई


१२ मार्च

धाकट्या,

हे शेवटचं सांगणं.

वीस तारखेला व्यासपीठावर तू मधोमध असशील. त्या दगडाची प्लास्टरची प्रतिकृती कापडाखाली झाकलेली असेल आणि ते कापड तू ओढणार आहेस, असं निमंत्रणपत्रिकेवर छापलंय. म्हाताऱ्या बाई पहिल्या रांगेत असतील. मी त्यांना पत्र लिहिलं होतं. ब्याऐंशी वर्षांच्या आहेत, काठी टेकत येणार आहेत.

कापड ओढण्याआधी तू दोन वाक्यं बोलायचीस. "मी कागद पालथा वाचला. आणि दगड माझ्या वडिलांनी फोडला नाही, मी फोडला." एवढंच. पुढे मी एक अक्षर काढणार नाही. चुकीचं वाचलं म्हणून कुणी फासावर जात नाही. बाबा तर म्हणायचे, पन्नास ठशांत एक तरी माणूस पालथा धरतोच.

बोलला नाहीस तर मी बोलेन.

खरं सांगू? तू बोलू नयेस अशी माझी इच्छा आहे. गेली तेरा वर्षं प्लास्टर कालवताना मी तो दिवस डोळ्यांपुढे आणलाय. तुझा चेहरा कसा पडेल, तू कुणाकडे बघशील, घाम कुठे येईल. तू शहाण्यासारखं कबूल करून टाकलंस तर माझं हे सगळं फुकट जाईल. तेव्हा बघ, मला हरवायचं असेल तर एवढाच रस्ता आहे.

ताई


२१ मार्च

धाकट्या,

हरले नाही मी.

मी चौथ्या रांगेत होते. काल तू मला पाहिलंस आणि नजर फिरवलीस. भाषण सुंदर झालं. बैल सांगितलास, घर सांगितलंस, शेतात नांगर वळवावा तशा ओळी मागे-पुढे लिहिणारे ग्रीक सांगितलेस. लोक हसले. मी वाट बघत होते. तू पाण्याचा घोट घेतलास, कागद बाजूला ठेवलास, आणि एक क्षण मला वाटलं, आता बोलतोय. खरंच वाटलं. माझा हात छातीवर गेला.

तू कापड ओढलंस.

प्रतिकृतीकडे तोंड करून उभा राहिलास आणि तुझी मान हळूहळू उजवीकडे वळली. कारण ओळ उजवीकडून सुरू होत होती. सगळी अक्षरं डावीकडे तोंड करून. भिंतीवरच्या तुझ्या मोठ्या चित्राच्या बरोबर उलट.

संग्रहालयाने काम आमच्या कारखान्याला दिलं होतं. सोबत तू वाचलेल्या ठशाचा फोटो होता, 'याप्रमाणे करणे' असा शेरा मारलेला. माझं सासरचं नाव तुझ्या कचेरीला ठाऊक नाही. मी फोटो बाजूला ठेवला आणि बाबांच्या कागदावरून ओतलं. खोका खिळे ठोकून पाठवला. तो आधी उघडून बघायचं तुला सुचलं नाही, याचंही मला नवल वाटलं नाही. वस्तूला हात लावणं तुझ्या स्वभावात नाही.

कुजबुज झाली. म्हाताऱ्या बाई काठी टेकून उठल्या. आणि तू माइकपाशी आलास, नाकावर घाम, आणि म्हणालास:

"माफ करा. कारागिराची चूक झालेली दिसते. साचा उलटा ओतला गेलाय."

कारागिराची चूक. एकोणीस वर्षांत तुला दुसरं वाक्यसुद्धा सुचलं नाही.

मी उठले. पिशवी जड होती, खांदा भरून आला होता. व्यासपीठावर कुणी अडवलं नाही, त्यांना वाटलं साफसफाईची बाई असेल. तुझ्या शेजारी मी दगड ठेवला. दाराचा दगड. ज्याला वहिनी ठेचकाळली तोच. आणि उलटून ठेवला.

धाकट्या, तू पहार दाबलीस तेव्हा सगळा चुरा नव्हता झाला. वरचा उजवा कोपरा अख्खा राहिला होता. बाबांनी तो धोतरात बांधून घरी आणला. चौकशीनंतर जमा करायला गेले तर कचेरीवाल्यांनी त्यांना आत घेतलं नाही. मग तो दाराशी राहिला, अक्षर खाली, म्हणजे झिजू नये. त्यावर एकच अक्षर आहे. तुझा E. ओरडणारा माणूस. त्याच्या तिन्ही आडव्या रेघा डावीकडे आहेत, जशा त्या काळच्या बाकी सगळ्या दगडांवर असतात.

मी बाबांचा कागद काढला. कापलेला कोपरा उजवीकडे धरला आणि दगडावर टेकवला. वाळून कडक झालेला कागद, पण त्या अक्षराचा फुगवटा खाचेत असा जाऊन बसला की हात सोडला तरी हलला नाही. मग मी तो उलटा करून ठेवला. बसेना. दोनदा करून दाखवलं. बाईंनी चष्मा वर केला, बोट फिरवलं, आणि एवढंच विचारलं, "हा ठसा कुणी घेतला?"

मी म्हटलं, "माझ्या वडिलांनी. यांच्याही."

तुझा चेहरा मी पाहिला. तेरा वर्षं मनात रंगवलेला अगदी तसा नव्हता. तू बाईंकडे बघत नव्हतास, लोकांकडेही नाही. तू दगडाकडे बघत होतास. मग हळू आवाजात, फक्त मला ऐकू येईल असं विचारलंस, "हा कुठे होता?"

तिथे मी उत्तर दिलं नाही. आता देते.

घरी होता. दाराशी. एकोणीस वर्षं. आजारपणात आला असतास, बाबांना बिछान्यातून उचलायला आला असतास, नुसता भांडायला आला असतास, तरी आत पाऊल टाकताना त्याला ठेचकाळला असतास. बाबा म्हणाले असते, "अरे, उलटून बघ." बंद दारामागे, घरच्या घरात, सगळं मिटलं असतं.

ताई


९ एप्रिल

धाकट्या,

संग्रहालयाचा माणूस दगड आणि कागद घेऊन गेला. मी पोचपावती घेतली. म्हाताऱ्या बाईंनी स्वतः लिहिलेली पाटी लागलीय म्हणे, दगडाखाली. ठसा घेणारा म्हणून बाबांचं पूर्ण नाव. 'निष्काळजीपणा' हा शेरा खोडल्याचं पत्रही आलं. ते मी ब्रशाच्या खुंटीला अडकवलंय.

तुझी खुर्ची गेल्याचं वर्तमानपत्रात वाचलं. शिंपीण कात्रण घेऊन आली, पण या वेळी नाकाबद्दल काही बोलली नाही. मला वाटलं होतं मी पेढे वाटेन. नाही वाटले. पण वाईट वाटलं असंही समजू नकोस. मी जेवले आणि नीट झोपले.

तुझं पत्र मिळालं. हाताने लिहिलेलं, जावक क्रमांक नसलेलं. 'ताई, घरी येऊ का?' एवढंच.

पूर्वी विचारावं लागलं नसतं. एकोणीस वर्षं दार दिवसभर उघडं असायचं, बाबांचा दगड होता ना लावलेला. आता तो तुझ्या दालनात काचेत आहे, आणि दार वाऱ्याने आपोआप लागतं. मी दुसरं काही लावलेलं नाही.

यायचं तर ये. कडी वाजवावी लागेल. उघडायचं की नाही, ते मी आतून आवाज ऐकून ठरवीन.

ताई